पाचव्या सीझनचा पाहुणा

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठमे,

आशीर्वाद आहेतच. माझी तब्येत छान, गुडघा सोडून. तो त्याच्या मर्जीने चालतो आणि मी माझ्या. तू वेळेवर जेवत नाहीस हे मला इथे बसून कळतं, तेव्हा त्याबद्दल काही लिहीत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोनवर तू नुसती ‘हं, हं’ करतेस आणि मागे तुझ्या लॅबमधल्या काचपट्ट्यांचा किणकिणाट चाललेला असतो. दिवसभर लोकांचं रक्त तपासणाऱ्या मुलीला आईचं बोलणं काय ऐकू येणार! पत्र कसं, वाचावंच लागतं. शिवाय काही गोष्टी मला तोंडाने धड सांगता येत नाहीत. हातात पेन असलं की जरा बरं पडतं.

परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात गंमत झाली. दोन पोरं फ्रेम बघायला आली आणि बघता बघता ‘गोदीचौकी’ मालिकेच्या शेवटाबद्दल बोलायला लागली. तो शेवट मला ऐकायचा नव्हता. मी आधी काच घासायचं मशीन सुरू केलं. तरी त्यांचं चालूच. शेवटी म्हटलं, “डोळे तपासायचेत ना? मग तोंड बंद ठेवा, नाहीतर नंबर चुकतो.” बिचारी हाताची घडी घालून बसली. नंतर मालक म्हणाले, “बाई, हे कुठलं शास्त्र?” मी म्हटलं, “माझं.”

तर सांगायचं हे की मी ‘गोदीचौकी’ परत पहिल्यापासून बघायला घेतलीय. हो, मीच. तुझे बाबा गेल्यावर ज्या टीव्हीवर मी चादर टाकली होती, त्याच टीव्हीवर. रविवारी दुपारी आम्ही दोन भाग बघतो, मग चहा.

पहिल्या भागाचं संगीत सुरू झालं आणि मला सगळी खोली जशीच्या तशी दिसली बघ. हे डेपोतून यायचे, हाताचं ग्रीस साबणाने तीनदा धुवायचे आणि हातवाल्या खुर्चीत बसायचे. मी कॉटवर, मांडीवर कुणाचं तरी उसवलेलं काहीतरी. आणि तू पुढे त्या बुटक्या स्टुलावर, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. तुझं डोकं नेमकं खालच्या अक्षरांवर यायचं. “ठमे, मान खाली!” हे आपल्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य असेल.

आणि आपला तो शब्द! पहिल्या सीझनमध्ये खानावळीतल्या म्हातारीचा खून होतो आणि शेवटी कळतं की रोज तिच्याच टेबलावर जेवायला येणारा तो सज्जन पाहुणाच खुनी. तू इतकी दचकलीस की दोन दिवस घरी आलेल्या कुणालाही पाणी द्यायला तयार नव्हतीस. तेव्हापासून आपल्याकडे खुनी हा शब्दच गेला. “पाहुणा कोण?” एवढंच विचारायचं. शेवटच्या भागाआधी प्रत्येकाने आपला पाहुणा जाहीर करायचा, मनापासून, आणि मग तोंडातून ब्र काढायचा नाही. एकदा कुणाकडे जेवायला गेलो असताना हे त्या घरच्या बाईंना म्हणाले, “तुमच्याकडे पाहुणा कोण ते मला आल्या आल्या कळलं.” ती बाई बापडी म्हणाली, “अहो, तुम्हीच की!” आपण तिघं हसून हसून बेजार.

दुसरा सीझनच सगळ्यात चांगला, हे माझं मत अजून कायम आहे. दीपगृहवाल्याचं कुटुंब, तो भांडी घासताना झालेला कबुलीजबाब, असं लिहायला जमायचं नाही आता कुणाला. ह्यांचं आपलं चौथ्याचं टुमणं, कारण खोकल्या हवालदार त्यात मरतो. समोरचा खोटं बोलला की खोकणारा माणूस ह्यांना फारच आवडायचा. आणि तू पहिल्याची, कारण त्यात कोटवाली इन्स्पेक्टर नवी असते आणि घाबरते. तिसऱ्याबद्दल आपल्या घरात कधी मतभेद नव्हता, तो टाकाऊच. पण परत बघितल्यावर वाटलं, अगदीच टाकाऊ नाही गं. ते म्हणतात, गाड्यांची पळापळ वगळली तर माणसं त्यातच सगळ्यात खरी आहेत. आणि हेअरपिनने कुलूप उघडतात तेवढं मात्र सपशेल खोटं, तेही ते म्हणतात.

आता पाचवा सुरू आहे. खोकल्या नाही, त्यामुळे चौकी ओकीओकी वाटते. दोन-तीन रविवारांत शेवटच्या भागापाशी येऊन थांबू. तो मी बघितलेला नाही, तुझी शपथ. तिघांशिवाय बघायचा नाही असं ठरलं होतं. आता तिघं म्हणजे कोण, हे तूच सांग. सुट्टी मिळत असेल तर येऊन जा.

बाकी सगळं ठीक. दाराचं कुलूप आता अडकत नाही.

तुझी,
आई


१७ नोव्हेंबर

प्रिय आई,

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मग संध्याकाळी परत वाचलं, हातात लाल पेन घेऊन. तुम्ही दोघांनीच वाढवलंय मला, त्याला मी काय करू?

तिसरा सीझन अगदीच टाकाऊ नाही? आई, तुला ताप वगैरे आहे का? ज्या बाईने तिसऱ्या सीझनच्या वेळी “वीज जाईल तर बरं” असं म्हटलं होतं, ती बाई आपणहून मत बदलत नसते. तिला कुणीतरी पटवलेलं असतं. चिकाटीने.

मग ते ‘आम्ही’. “आम्ही दोन भाग बघतो, मग चहा.” तू आणि गुडघा का?

आणि बाबांना तू आयुष्यभर ‘हे’ म्हणत आलीस. पत्रातही ‘हे’च आहे. मग “ते म्हणतात, ते म्हणतात” म्हणजे कोण? मला आधी वाटलं, लोक म्हणतात या अर्थी असेल. पण लोकांना हेअरपिन आणि कुलपाशी काय करायचंय? त्यात तुझ्या दाराचं कुलूप, जे बाबांच्या हयातीत कधी एका फटक्यात उघडलं नाही, ते आता अडकत नाही.

सगळ्यात मोठं राहिलंच. नुकत्याच एका रविवारी मी फोन केला तेव्हा मागे एक पुरुष खोकला. मी विचारलं, “कोण गं?” तू म्हणालीस, “कोणी नाही, पाहुणा आहे.” मला वाटलं टीव्ही चालू आहे आणि तू कोण खुनी ते सांगून टाकशील. मी “सांगू नकोस, सांगू नकोस!” असं ओरडून फोन ठेवला. दिवसभर हसत होते. पण आई, तू तर पाचव्या सीझनवर आहेस आणि खोकल्या चौथ्यात मेला. मग आपल्या खोलीत खोकलं कोण?

मी चिडलेली नाही, असं लिहिणार होते. चिडलेय. तू काही चुकीचं करतेयस म्हणून नाही. मला पत्रातून शोधून काढावं लागलं म्हणून.

शेवटचा भाग मला बघायचा नाही. कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते. त्या रविवारी मी घरी आले होते आणि बाबांनी जाहीर केलं, पाहुणा म्हणजे कोटवालीच. माझी कोटवाली! मी त्यांना काय काय बोलले. तुम्हाला माणसंच कळत नाहीत, असंही म्हणाले. सोमवारी सकाळी घरातून निघताना धड निरोपही घेतला नाही. आणि पुढचा रविवार यायच्या आत बाबा गेले. आता तो भाग बघितला आणि बाबा बरोबर निघाले तर मी हार कुणापुढे मानू? आणि चुकले तर चिडवू कुणाला? त्यापेक्षा तो भाग तसाच राहू दे.

एकाच प्रश्नाचं उत्तर दे. बाकी काहीही लिहू नकोस हवं तर. बाबांच्या खुर्चीत कोण बसतं?

ठमी


२३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठमे,

पकडलंस. हात वर केलेत मी. शाबासकी द्यायची की कान धरायचा हेच कळत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. खुर्चीत कोणी बसत नाही. तिचा उजवा हात निखळला होता, तो त्यांनी बसवून दिला आणि मग मला विचारलं, “इथे कोणी बसतं का?” मी म्हटलं, “बसायचे.” त्यांनी मान हलवली आणि तुझं बुटकं स्टूल ओढून घेतलं. तेव्हापासून तिथेच बसतात. चांगले उंच आहेत गं, स्टुलावर बसले की गुडघे कानाला लागतात. मी कितीदा म्हटलं, कॉटवर बसा. नाही म्हणजे नाही.

आता सगळं सांगते. वळवून वळवून लिहायचं माझ्याने होत नाही हे गेल्या पत्रात दिसलंच.

ते कुलूपवाले आहेत. दुकानाच्या मागच्या गल्लीत किल्ल्या करून देतात. एका रविवारी मी आतून दार लावलं आणि कुलूप जे अडकलं ते अडकलंच. शेजारच्या मास्तरीणबाईंनी त्यांना बोलावून आणलं. ते बाहेरून खटपट करतायत, मी आत उभी, मागे टीव्हीवर तिसरा सीझन चाललेला. तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला, “तिसरा का? छान आहे.”

मी म्हटलं, “तुम्ही कुलूप उघडा. मत नकोय मला.”

“उघडतोय की. पण लोक तिसऱ्याला उगाच नावं ठेवतात.”

“लोकांना अक्कल असते म्हणून ठेवतात!”

अगं, बंद दारातून आम्ही भांडत होतो! मास्तरीणबाई जिन्यात उभ्या राहून ऐकतायत. दार उघडलं तेव्हा भांडण अर्ध्यावरच होतं. मग माणसाला नुसतं जा कसं म्हणायचं? चहा ठेवला. तो काही संपला नाही अजून.

किल्ल्या घासताना उडणाऱ्या भुकटीने त्यांना खोकला लागतो. तो नेमका फोनवर आला. आणि मी तुला खोटं बोलले नव्हते गं! पाहुणा आला होता, म्हणून पाहुणा म्हणाले. सगळं जग ज्याला पाहुणा म्हणतं तो पाहुणा. तू ओरडून फोन ठेवलास आणि मग माझ्या लक्षात आलं की तुला आपल्या घरचा पाहुणा ऐकू आला. तेव्हाच परत फोन करायला हवा होता. पण मला हायसं वाटलं, ते खरं. ते विचारत होते, “काय झालं?” मी म्हटलं, “मुलीने तुम्हाला खुनी ठरवलं.” त्यांना आपला शब्द समजावून सांगितला तर इतके हसले की परत खोकला.

आणखी एक सांगते. त्यांनी शेवटचा भाग बघितलेला आहे. पहिल्याच दिवशी म्हणाले तसं. आणि इतके महिने झाले, एक शब्द नाही, एक इशारा नाही. माझा संशय ज्याच्यावर, तो गोडबोल्या वकील पडद्यावर आला की मी हळूच त्यांच्या तोंडाकडे बघते, काही कळतं का म्हणून. ढिम्म. जगाची कुलुपं उघडतात आणि स्वतःच्या तोंडाला लावून बसलेत. तुझ्या बाबांना हा माणूस आवडला असता. भांडले असते, पण आवडला असता.

मला फार एकटं वाटायला लागलं होतं, ठमे. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच नोकरी सोडून यायला निघाली असतीस. दुकानात दिवसभर लोक असतात, नाकावर चष्मा बसवताना त्यांच्या कानामागे हात जातो माझा, पण घरी आल्यावर बोलायला भिंती. एखादी गोष्ट मला आवडली नाही, हे ऐकायला कुणीतरी लागतं. “छे, तुला काय कळतं!” असं म्हणायला कुणीतरी लागतं. ते परत मिळालं तर मला रडू आलं, चहा गाळता गाळता.

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं. काही नाटक नाही. कप विसळता विसळता म्हणाले, “दोन घरांना दोन कुलुपं कशाला? एक पुरेल.” त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, मूलबाळ नाही. सही करून रीतसर लग्न करू म्हणतात. मी म्हटलं, “आमच्याकडे तिघांशिवाय निकाल लागत नाही.” त्यांनी एवढंच विचारलं, “तिसरी कधी येईल?” मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तू नको म्हणालीस तर मी रागावणार नाही, पण मला वाईट वाटेल. तेही लपवत नाही.

आणि ‘हे’ हा शब्द माझ्या तोंडी एकाच माणसाचा आहे. तो कुणाला द्यायचा नाही. उद्या सही केली तरी ते ‘ते’च राहतील. त्यांनाही तसं सांगितलंय.

आता तुझ्या बाबांचं. हे तुला मागेच सांगायचं होतं, पण विषय निघाला की तू उठून जायचीस. त्या रविवारी तू पाय आपटत आत गेलीस ना, तेव्हा हे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “मलाही गोडबोल्याच वाटतो गं. पण ठमी चिडली की अजून दहा वर्षांची दिसते.” मी रागावले. म्हटलं, मनापासून जाहीर करायचं असा नियम आहे, तुम्ही खोटा पाहुणा सांगितलात! तर म्हणाले, “बसमध्ये बसेपर्यंत चिडलेली राहू दे. पुढच्या रविवारी फोनवर कबूल करतो.” तुझी बस गेली तरी हे खिडकीत उभे राहून हसत होते. तुझ्या बोलण्याचं त्यांना कणभरही लागलं नव्हतं, ठमे. मजा वाटत होती त्यांना.

आज आम्ही बघत बघत शेवटच्या भागापाशी आलो. त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि चादर घातली. म्हणाले, “आता मुलगी आली की.”

तुझीच,
आई


१ डिसेंबर

प्रिय आई,

बाबांनी नियम मोडला! इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला खात होते, ती चक्क थाप होती! मी सामानाच्या खोलीत जाऊन आधी हसले आणि मग रडले आणि मग परत हसले. लॅबमधली आमची मोठी बाई दार उघडून बघून गेली. तिला काय सांगणार? म्हटलं, घरून निकाल आलाय.

म्हणजे आता बाबांचं मत गोडबोल्याच्या खात्यात. तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटी. चालेल. माझा पाहुणा मी आल्यावर जाहीर करीन, मनापासून. बाबांसारखं करणार नाही.

२० तारखेला सकाळच्या बसने येतेय. चार दिवस सुट्टी टाकलीय. कुलूपवाल्यांना सांग, चेहरा असाच ढिम्म ठेवा, शेवटच्या क्षणी कच खाऊ नका. आणि तिसऱ्या सीझनबद्दल मला पटवायला जाऊ नका, मी आईसारखी भोळी नाही.

एक विनंती आहे. त्यांना पाहुणा म्हणणं सोड. आपल्या घरात पाहुणा शेवटी पकडला जातो आणि त्याला घेऊन जातात. कुलूपवाल्यांना राहू दे. मी त्यांना काय म्हणायचं ते भेटल्यावर, एकदा कडकडून भांडण झाल्यावर ठरवीन.

आणि एक अट आहे. स्टूल माझं आहे, आई. तू ते कुणालाही कसं दिलंस? मी त्यावरच बसणार आहे, तुम्हाला खालची अक्षरं दिसोत न दिसोत. कॉटवर तू. म्हणजे खोलीत बसायला एकच जागा उरते. त्यांना सांग, संकोच करायचा नाही, सरळ तिथे बसायचं. त्या खुर्चीचा हात त्यांनीच बसवलाय ना, मग टेकून बघू देत, धरतो का.

दाराला कुलूप एकच ठेवा. किल्ल्या मात्र तीन करायला सांग.

तुझी,
स्टुलाची मालकीण
ठमी